मॉलचा स्वस्त ब्रँड की कोपऱ्यावरचा वाणी? तीन महिन्यांची वही (सोलापूर)

वहीवाली | रविवार, रात्री ९:४०

जूनमध्ये मुलांची फी, वह्या, गणवेश असं सगळं एकदम अंगावर आलं. तेव्हा पहिल्यांदा किराण्याची बिलं डब्यातून काढून एकाखाली एक लिहिली. घरात पाच माणसं. भाजी-दूध सोडून ९,४०० रुपये! मी स्वतःला काटकसरी समजत होते, तो भ्रम त्या रात्री गेला.

मग ठरवलं, तीन महिने प्रत्येक वस्तू तीन ठिकाणी बघायची. दोन मोठी सुपरमार्केटं आणि आमचा कोपऱ्यावरचा वाणी. मोठ्या दुकानांचे दर कुठे काय ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'माझं दुकान चांगलं, तुझं वाईट' यावर घसरेल. शिवाय दर आठवड्याला हलतात.

मला मुख्य बघायचे होते ते दुकानांचे स्वतःचे स्वस्त ब्रँड. डीमार्टचं प्रीमिया, रिलायन्सचं गुड लाइफ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बिग बझार होतं तेव्हा त्यांचं गोल्डन हार्वेस्ट असायचं. जाहिरात नाही, मधला वितरक नाही, म्हणून स्वस्त पडतं असं म्हणतात. आपण मात्र स्वस्त दिसलं की हलका माल म्हणून पुढे जातो. मीही जायचे.

तर झालं असं. साखर, रवा, मैदा, साबुदाणा, जाडे पोहे यांत आमच्या घरात कुणालाही काही कळलं नाही. धाकट्याला पोह्यांची वेगळी चव लागली, पण ती मी कांदा जाळल्यामुळे. फरशी पुसायचं औषध स्वस्तातलं घेतलं, वास जरा उग्र, काम तेच. भांड्यांचा साबण मात्र दहा दिवसांत संपला, नेहमीचा तीन आठवडे जातो. म्हणजे स्वस्त तो महाग.

शेंगदाण्यांची गोष्ट सांगायलाच हवी. स्वस्त पाकिटातले अर्धा किलो आणले, भाजले, ताटात पसरून निवडायला बसले तर मूठभर सुरकुतलेले आणि तेवढेच फुटके. तसेच कुटले. चटणीला तेलच सुटेना, वर खवट वास. सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा चटणीला लावला, खाल्ला, आणि काही न बोलता दह्याची वाटी पुढे ओढली. आमच्याकडे याहून मोठी नापसंती नसते.

तूरडाळीनंही दगा दिला. स्वस्त पाकिटातली डाळ चार शिट्ट्यांनंतर दाताखाली येत होती. दोनदा केली, दोनदा तेच. परत वाण्याच्या सुट्या डाळीवर आले.

ऑगस्टचं बिल ८,१५०. तुमच्याकडे काय अनुभव?

बाळीवेसकर | रविवार, रात्री १०:०५

बाराशे पन्नास वाचले आणि मॉलच्या दारातल्या पाणीपुरीला किती गेले ते लिहा की ओ. :)

वहीवाली | रविवार, रात्री १०:११

तो हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर आहे. ते पान कुणाला दाखवत नाही.

दोन_माणसांचं_घर | रविवार, रात्री १०:३०

ताई, छान धागा. आमचं लग्न झाल्यावर पहिला किराणा आम्ही 'ऑफर आहे' म्हणून भरला. पाच किलो मैदा. दोघांना! चार महिन्यांनी जाळी धरली, सगळा टाकला. तेव्हापासून 'एकावर एक' दिसलं की नवरा मला लांबूनच हात करून बोलावून घेतो.

एक प्रश्न: तेलाचं कसं बघता? मला पाकिटांवरचे आकडे बघून चक्कर येते.

वहीवाली | सोमवार, सकाळी ६:५०

तेलात मी स्वतः फसलेय, म्हणून आता तोंडपाठ आहे. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पाकिटं पुरी ९१० ग्रॅमची असतात, काही ८५०, काही ८०० किंवा ७५० सुद्धा. फडताळावर सगळी सारखीच फुगलेली दिसतात. मी १५० रुपयांचं एक लिटर सोडून १४२ रुपयांचं 'स्वस्त' उचलत होते. एक दिवस चष्मा लावून मागे वाचलं, ८५० ग्रॅम. किलोवर आणलं तर १५० वालं १६५ ला पडतं आणि १४२ वालं १६७ ला. वर्षभर हेच चाललं होतं. डबा भरताना कळायला हवं होतं खरं तर, तो रेघेपर्यंत यायचाच नाही. मी समजायचे की सांडलं असेल.

कोपऱ्यावरचा_वाणी | सोमवार, दुपारी २:१५

दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून लिहितो. माझं पूर्व भागात दुकान आहे, वडिलांपासून. तेव्हा मी कुणाच्या बाजूनं बोलणार ते तुम्ही धरून चाला.

आधी तेलाबद्दल. पूर्वी तेल, डाळ, पीठ, बिस्किटं, साबण अशा बऱ्याच जिनसा ठरावीक वजनातच पॅक कराव्या लागायच्या. तो नियम काढला आणि त्याऐवजी पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापायची सक्ती आली. एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात असतो, बघा. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा दर, किलोच्या वरचं असेल तर किलोचा. पण यात एक मेख आहे. तो दर एमआरपीवर काढलेला असतो, दुकानात लावलेल्या सवलतीच्या भावावर नाही. मॉलचे स्वतःचे ब्रँड एमआरपी चढी छापतात आणि खाली 'तुम्ही वाचवले ४० रुपये' लिहितात. त्यामुळे छापलेला दर बघून दोन पाकिटांची तुलना केली तर चुकाल. तुम्ही जे देणार त्याला वजनानं भागा. मोबाईल कशाला आहे मग?

आता माझी बाजू. पाकीटबंद आणि छाप मारलेल्या डाळी-तांदूळ-पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर नाही. त्या वेळी २५ किलोच्या वरच्या पोत्याला तो लागत नव्हता, म्हणून बाजारात एकदम २६ किलोचे तांदळाचे कट्टे दिसायला लागले. तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, हा वरचा एक किलो कसला ओ? जीएसटी चुकवायचा.

म्हणजे सुट्या डाळीत मी तुम्हाला तिथेच थोडा स्वस्त पडायला हवा. पडतो का? नेहमी नाही पडत. ते लोक ट्रकनं घेतात, मी पोत्यानं. साखरेत आणि साबणात मी त्यांच्यापुढे टिकत नाही, ते तिकडूनच घ्या, मला राग नाही. माझी पोरंही तिथूनच शांपू आणतात. पण डाळ, शेंगदाणे, चवळी, मटकी हे हातात घेऊन, दाताखाली दाबून घ्यायचा माल आहे. पाकिटात हात घालता येत नाही. ताई, शेंगदाणा मागताना नुसता 'शेंगदाणा' मागू नका. चटणीला कुठला, उपासाच्या खिचडीला कुठला असं विचारा. सांगणारा वाणी असेल तर सांगतो.

फुकट_सल्ला | सोमवार, दुपारी ४:००

एक युक्ती. पाकिटाच्या मागे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी परवाना नंबर असतो. मी एकदा नाववाल्या ब्रँडचा रवा आणि दुकानाच्या ब्रँडचा रवा शेजारी ठेवून वाचले. 'मार्केटेड बाय' वेगवेगळं, पण पॅक करणाऱ्याचा पत्ता एक आणि नंबरही एकच! भावात किलोमागे अकरा रुपयांचा फरक. त्या दिवसापासून मी ब्रँड सोडला.

कोपऱ्यावरचा_वाणी | सोमवार, दुपारी ४:२०

गिरणी एक असली म्हणून माल एकच असतो असं नाही साहेब. एकाच डाळमिलमध्ये चाळणी लावून तीन प्रतीचा माल निघतो. अख्खी डाळ एका पोत्यात, तुकडा दुसऱ्यात. ज्यानं जो भाव दिला त्याला तो. रव्यात फारसं बिघडत नाही, डाळीत बिघडतं.

फुकट_सल्ला | सोमवार, दुपारी ४:२६

हे मान्य. रव्यापुरतंच धरा मग.

सात_समुद्र_सात_रस्ता | सोमवार, रात्री ११:५०

मी मूळची सोलापूरच्या सात रस्त्याची, सध्या इंग्लंडमध्ये. इथे हा विषय लोक फार गंभीरपणे घेतात. टेस्को या इथल्या मोठ्या दुकानसाखळीनं १९९३ मध्ये 'व्हॅल्यू' नावाची स्वस्त मालिका काढली, पांढऱ्या पाकिटावर निळ्या पट्ट्या. ती पाकिटं मुद्दामच गरीब दिसायची. काही जण ती ट्रॉलीत पालथी ठेवायचे म्हणे, शेजाऱ्यानं बघू नये म्हणून. पुढे सगळ्यांनी अशा मालिका काढल्या, नावं बदलली, रंग बदलले. असडा या दुसऱ्या साखळीनं २०२२ मध्ये महागाई भडकली तेव्हा 'जस्ट इसेन्शियल्स' आणली, ती पिवळीधमक.

इथल्या जुन्या बायकांनी मला एक पद्धत शिकवली, ती वहीवाली ताईंना उपयोगी पडेल. एकदम सगळ्यात स्वस्तावर उडी मारायची नाही. जे घेता त्याच्या एकच पायरी खाली उतरायचं. नाववाला ब्रँड घेत असाल तर दुकानाचा साधा घ्या. तो चालला तर पुढच्या महिन्यात त्याच्याही खालचा. आणि घरच्यांना सांगायचं नाही! जुन्या डब्यात ओतून ठेवायचं. कुणी कुरकुर केली तर परत वर चढायचं. मी चहा, ओट्स, टोमॅटोचा डबा यांत दोन पायऱ्या उतरले, नवऱ्याला अजून पत्ता नाही. चहात एकदा तीन पायऱ्या उतरले तर तो म्हणाला, 'पातेलं बदललंस का?' चढले वर.

अवांतर: इथे ज्वारीचं पीठ मिळतं, पण विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेलं. भाकरी थापताना कडा अशा चिरतात की रडू येतं.

मालदांडी | मंगळवार, सकाळी ८:१०

विरी जाणारच की. ज्वारी दळली की पंधरा दिवसांत पीठ संपवायचं. पाकिटातलं ज्वारीचं पीठ कुठल्याही ब्रँडचं असो, माझ्या मते पैसे पाण्यात. यात स्वस्त-महाग बघूच नका. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. सुगीनंतर दोन पोती एकदम भरायची, उन्हं द्यायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत. महिन्याला लागेल तेवढीच गिरणीत.

माझ्या घरी वर्षाची ज्वारी, गहू आणि तूर एकदमच येते. ते धान्य बाहेर काढलं तर मॉलला द्यायला उरतं काय? साबण आणि बिस्किटं.

माग_वरचा | मंगळवार, रात्री १०:४५

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय. एक बोलू का, राग मानू नका.

वर्षाचं धान्य भरायला एका दिवशी दहा-पंधरा हजार हातात लागतात. माझे वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. आमच्याकडे पगार आठवड्याचा. शनिवारी पैसे आले की आधी मागची उधारी, मग पुढचा किराणा: पाव किलो तेल, अर्धा किलो डाळ, साबणाची एक वडी. लहान पाकीट किलोवर महाग पडतं हे आईलाही कळत होतं, तिचं गणित तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कं होतं. पण मोठं पाकीट घ्यायचे पैसे एका वेळी नसायचे. मॉल उधार देत नाही. वाणी द्यायचा, आणि त्याचे दोन रुपये जास्त लावायचा. ते दोन रुपये म्हणजे व्याजच की.

आता मी नोकरीला आहे, मीही ट्रॉली ढकलतो. पण 'स्वस्त कुठे मिळतं' याच्या आधी 'एका वेळी किती पैसे आहेत' हे येतं.

कोपऱ्यावरचा_वाणी | मंगळवार, रात्री ११:०२

बरोबर बोललास बे. माझ्या वहीत अजून पंचवीस-तीस घरं शनिवारची आहेत. बुडवणारी दोन-तीनच, तीही बहुतेक बंगल्यातली.

दोन_माणसांचं_घर | बुधवार, सकाळी ११:२०

आमच्या गल्लीत यावर एक उपाय चालतो. सात बायकांची भिशी आहे, पण पैशांची नाही, किराण्याची. दर आठवड्याला प्रत्येकी दीडशे. महिन्याला जमले की कुणीतरी दोघी रिक्षानं जाऊन तांदळाचा कट्टा, तेलाचा पंधरा किलोचा डबा, गुळाची ढेप आणतात आणि वजनकाट्यावर वाटून घेतात. तेल वाटताना भांडणं होतात, डब्याच्या तळाशी कोण पुसणार म्हणून. पण पंधरा किलोचा डबा सात घरांत दोन-दोन किलो जातो आणि उरलेला एक किलो ज्या दोघी आणायला गेल्या त्यांचा. दीडशे जड जात असतील तिथे पन्नासचीही करता येईल.

माग_वरचा | बुधवार, दुपारी १:०५

हे आईला सांगतो. तिला पुसायचं काम द्या, थेंब सोडणार नाही.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सायंकाळी ५:३०

वहीवाली ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधली तूरडाळ माझ्या डोक्यातून जात नाहीये. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, खोड जात नाही. डाळ ज्या दिवशी शिजली नाही त्या दिवशी पाणी कुठलं होतं? नळाचं की बोअरचं?

आपल्याकडे नळ तीन-चार दिवसांनी येतो. मधल्या दिवसांत बऱ्याच घरी बोअरचं पाणी वापरलं जातं, ते जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना सांधणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, डाळ फुटत नाही. जुनी डाळही अशीच हट्टी होते. चिमूटभर खायचा सोडा घातला तर शिजते, पण ब जीवनसत्त्व जातं, म्हणून ते करू नका. आधी तासभर चांगल्या पाण्यात भिजवून बघा.

आणि एक, साबणाबद्दल. स्वस्त अंघोळीच्या साबणावर 'टॉयलेट सोप' लिहिलंय की 'बेदिंग बार' ते बघा. टॉयलेट सोपमध्ये टीएफएम, म्हणजे मूळ साबणाचा अंश, पहिल्या प्रतीला निदान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीला ७०, तिसऱ्या प्रतीला ६० टक्के लागतो. बेदिंग बारला ती अट इतकी कडक नसते. तो साबणदाणीत पाण्यानं लवकर लिबलिबीत होतो. वडी मोठी दिसली तरी दिवस कमी जाते.

वहीवाली | बुधवार, रात्री ९:१५

मास्तर, दंडवत! वही काढून तारीख बघितली. त्या आठवड्यात नळ पाचव्या दिवशी आला होता. डाळ दोन्ही वेळा बोअरच्या पाण्यात शिजवलीय. आणि वाण्याची सुटी डाळ ज्या दिवशी केली त्या दिवशी सकाळीच नळाला पाणी होतं. म्हणजे मी बिचाऱ्या पाकिटाला उगीच शिव्या दिल्या की काय?

रविवारी एकाच कुकरमध्ये तीन डबे लावून बघते.

बाळीवेसकर | बुधवार, रात्री ९:२२

पाण्याचा दोष डाळीवर ढकलला. महापालिका खूष होईल.

वहीवाली | रविवार, दुपारी २:४०

झाला प्रयोग. एका कुकरमध्ये तीन डबे: स्वस्त पाकीट, नाववाला ब्रँड, वाण्याची सुटी. प्रत्येकी एक वाटी डाळ, तासभर भिजवलेली, नळाचं पाणी, चार शिट्ट्या. डब्यांच्या बुडाला मुलीनं मार्करनं १, २, ३ लिहिलं आणि कुठला कुणाचा ते तिलाच माहीत.

तिन्ही शिजल्या. मऊसूत! चमच्यानं दाबली तर तिन्ही सारख्याच फुटल्या.

मग तिन्हींचं साधं वरण केलं, फक्त हळद, मीठ, तूप. सासऱ्यांना पाटावर बसवलं. पहिली वाटी चाखली, 'ठीक'. दुसरी चाखली, 'ठीक'. तिसरी चाखली आणि न विचारता भात मागितला. ती वाण्याची निघाली. गोडवा खरंच जास्त होता, मलाही लागला. पण उरलेल्या डाळीची संध्याकाळसाठी आमटी केली, चिंच-गूळ आणि काळा मसाला घालून, आणि आत्ताच घरच्यांना चाखायला दिली. एकालाही नंबर ओळखता आला नाही. नाववाला ब्रँड मात्र दोन्ही वेळा कुठेच उठून दिसला नाही. सर्वात महाग तोच होता.

तर वहीत आता तूरडाळीच्या दोन ओळी आहेत. आमटीची: स्वस्त पाकीट. वरणाची: वाणी. फडताळात दोन डबे.

आणि हो, इंग्लंडच्या ताई, चहात एक पायरी उतरलेय. जुन्याच डब्यात ओतलाय. गुरुवारपासून कुणी काही बोललेलं नाही.

कोपऱ्यावरचा_वाणी | रविवार, दुपारी ३:१०

वरणाला तरी आमच्याकडे आलात, बरं वाटलं. शेंगदाण्याचा नवा माल मंगळवारी उतरतोय. डबा घेऊन या, आधी दोन दाणे चावून बघा, मग बोला.

सात_समुद्र_सात_रस्ता | रविवार, सायंकाळी ६:००

ताई, चहाचं सांगू नका इथे. तुमचे हे वाचत असले तर?

वहीवाली | रविवार, सायंकाळी ६:२०

ते फक्त क्रिकेटचे धागे उघडतात.